छत दाखवायचं नाही

आबांसाठी घर बघायला निघाले तेव्हा मला वाटलं होतं, हे तर माझ्या डाव्या हातचा मळ. घरं दाखवणं हाच माझा धंदा. लातुरात ट्यूशनच्या गल्ल्यांमध्ये कुणाची खोली कधी रिकामी होणार, हे मला घरमालकाच्या आधी कळतं. देगलूर, मुदखेड, कंधार, कुठूनही पोरगं डॉक्टर व्हायला निघालं की त्याच्या आईच्या फोनमध्ये आधी माझा नंबर येतो, मग क्लासचा. लोक मला एजंट म्हणतात, दलाल म्हणतात, पाठीमागं अजून काय काय म्हणतात. म्हणू देत. ज्यांनी नाकं मुरडली त्यांच्याच वरच्या मजल्यावर मी पोरी आणून बसवल्या, आणि आता तेच मला ताई ताई करतात.

आबा म्हणजे माझे वडील. भूकंपापर्यंत गवंडीकाम केलेला माणूस, आणि भूकंपापासून एकदाही पक्क्या छताखाली न झोपलेला. आमचं जुनं गाव भूकंपात बसलं. सरकारनं माळावर नवं गाव वसवलं, रांगेत घरं बांधून दिली. आबांनी त्या घरात ज्वारीची पोती लावली आणि स्वतःसाठी अंगणात पत्र्याचं शेड टाकलं, तिन्ही बाजूंनी उघडं. तिथंच खाट. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पत्रा पडला तर टाळकं फुटंल, पर माणूस दबत न्हाई."

इतकी वर्षं हे चाललं. पण गेल्या पावसाळ्यात दमा छातीत असा बसला की आम्ही त्यांना गाडीत घालून लातूरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "ताई, असा अजून एक पावसाळा त्या उघड्या शेडात काढला तर मला काही करता येणार नाही. दवाखान्याच्या जवळ पक्की खोली बघा." त्या वेळी कसंबसं निभावलं; दवाखान्यातल्या रात्रीही आबांनी डोळ्याला डोळा न लावता कॉटवर बसून काढल्या. आता मे महिना लागला होता, मृगाला वेळ उरला नव्हता. मला आबांना छताखाली आणायचं होतं, बस. दुसरं काही सुचत नव्हतं.

माझ्याकडं का नाही आणलं, असं तुम्ही विचाराल. आणलं होतं की! दवाखान्यातून सुटी झाल्यावर थेट माझ्या फ्लॅटवर आणलं. तिसरा मजला. जेवले, नातवंडांशी बोलले, आणि झोपायची वेळ झाल्यावर गादी गुंडाळून निघाले. कुठं? तर खाली पार्किंगमध्ये. तिथंही वर स्लॅब आहेच म्हटल्यावर गेटच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला. माझे यजमान कॉलेजच्या ऑफिसात कामाला, पांढरपेशा माणूस, पण तेसुद्धा चादर घेऊन सासऱ्याजवळ जाऊन बसले. सकाळी सोसायटीचे लोक विचारायला आले, म्हातारबाबांना घरात जागा नाही का म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा दुसऱ्या दिवशी एसटीनं गावी गेले.

तेव्हाच मी ठरवलं, यांना तळमजल्यावरचंच घर बघायचं, पुढं अंगण असलेलं, दवाखान्याजवळ. आणि ते असं दाखवायचं की नाही म्हणायला जागाच राहू नये. दाखवण्यात तर मी उस्ताद.

नव्यानं या धंद्यात आलेली पोरं-पोरी मला विचारतात, मॅडम, तुम्ही कोणतं ॲप वापरता? मला हसू येतं. मी सुरुवात केली तेव्हा माझं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे शेजारच्यांचा फोन. माझ्या कार्डावर नंबरापुढं पी.पी. छापलेलं होतं, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, निरोप आमचा. शेजारीणबाई खिडकीतून हाक मारायच्या, "तुमचं गिऱ्हाईक आलंय लाईनवर!" आणि मी पिठाचे हात तसेच घेऊन धावायची. खोली मोजायला शिंप्याची टेप. मालक छातीठोकपणे सांगायचा दहा बाय बारा, आणि टेप लावली की खोली दर वेळी आखडलेली निघायची.

मग मोबाईल आला. तालुक्याच्या गावातल्या आया मिस कॉल द्यायच्या आणि मी उलट फोन करायची. मग कॅमेऱ्याचा फोन आला आणि माझे दिवस पालटले. पूर्वी एक खोली दाखवायला दिवस जायचा. कंधारची बाई पहाटेची बस पकडून यायची, दोन जिने चढायची, मोरी बघून नाक धरायची आणि परत जायची. आता मी व्हिडिओ करते आणि ती बाई भाकरी थापता थापता घर पसंत करते.

माझा व्हिडिओ कसा असतो, ते ऐका. दारात उभी राहून सुरू करायचं. "हा हॉल, ही खिडकी, सकाळचं ऊन इकडून येतं, अभ्यासाचं टेबल इथं बसेल." मग स्वयंपाकाचा ओटा. मग मोरी. आणि शेवटी नळ सोडून दाखवायचा. लातूरकराला बाकी काही नका सांगू, नळातून पाणी पडताना दाखवा. एका वर्षी आमच्या शहराला रेल्वेनं पाणी आलेलं आहे, ते कुणी विसरत नाही. मी तर बोअरची मोटर सुरू झाल्याचा आवाजसुद्धा ऐकवते. खोटं एक अक्षर नाही. पर्समध्ये लेझरचं मीटर असतं, बटण दाबलं की लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडतो आणि अंतर आकड्यात येतं. मालकाची बोलती बंद. पॉवर बँक, फोन उभा करायचा स्टँड, चाव्यांचा जुडगा, आणि करारावर अंगठे घ्यायचं यंत्र. सगळं दुकान खांद्याला लटकवून फिरते मी. क्लासपासून घर किती लांब हे नकाशावर दाखवते, रस्त्यात खाणावळ कुठं, दवाखाना कुठं, तेही. घरी बसल्या करार होतो.

एकच गोष्ट मी दाखवत नाही. छत.

हे मला शिकवलं ज्यांच्या हाताखाली मी धंद्यात आले त्या म्हाताऱ्या एजंटांनी. भूकंपानंतर लातुरात काय दशा होती ते त्यांनी पाहिलेलं. लोक मैदानात, रस्त्यावर झोपत. वरचे मजले ओस. खोली बघायला आलेलं माणूस दारातून आत पाऊल टाकायच्या आधी मान वर करून बघायचं, आणि एकदा का तडा दिसला, मग तो नुसत्या चुन्याचा असो, की माघारी. "म्हणून गिऱ्हाइकाला बोलतं ठेवायचं," ते म्हणायचे, "ओटा दाखवायचा, खिडकी दाखवायची, नजर खाली ठेवायची. वर बघू द्यायचं नाही." व्हिडिओ आल्यावर तर हे फारच सोपं झालं. फोन माझ्या हातात, मी वळवीन तिकडं जग वळणार.

तर आबांसाठी मी असे व्हिडिओ पाठवायला लागले. त्यांना मी मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला होता. हिरवं बटण दाबायचं, लाल दाबायचं, एवढं शिकवलं होतं, पण म्हातारा माझ्या पुढं निघाला. नातवंडांना रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवायचा.

पहिलं घर दाखवलं. फोन आला, "पाणी चांगलं हाय गं माय. पर त्या गल्लीत कुत्री लई दिसून राहिली."

दुसरं दाखवलं. "अंगण झकास हाय. पर शेजारी गिरणी हाय, पीठ उडतंय. माझ्या छातीला सोसंल का?"

हे मला पटलं. तिसरं बघितलं, गिरणी नाही, कुत्री नाही. आबा म्हणाले, "छान हाय." आणि फोन ठेवला. त्यांच्या त्या 'छान'चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. मला बघायला आलेल्या एका स्थळाला पण ते 'छान हाय' म्हणाले होते आणि पाहुण्यांच्या पाठीमागं दार लावून घेतलं होतं.

मग मला हवं तसं घर सापडलं. दवाखान्यापासून चालत जाता येईल इतकं जवळ. एका रिटायर झालेल्या बाईंचं, त्या वर राहायच्या आणि खालची खोली दर वर्षी विद्यार्थिनीला द्यायच्या. परीक्षा देऊन पोरगी गेली आणि खोली मोकळी झाली. पुढं फरशीचं अंगण, बदामाचं झाड, दारातून दोन पावलांत उघड्यावर. मी खूश! व्हिडिओ केला, नळ सोडला, झाड दाखवलं, झाडावरची खार दाखवली. मालकीणबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, देगलूरची एक आई सकाळपासून फोन करतीये. तुमचे वडील म्हणून मी तिला थांबवलंय. पण मला उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगा. जूनची गर्दी सुरू झाली."

त्यांचं बरोबर होतं. जूनमध्ये तळमजल्याची खोली म्हणजे भाजलेला शेंगदाणा, ताटात पडला की संपला.

मी आबांना व्हिडिओ पाठवला आणि लगेच फोन लावला. पलीकडून आवाज आला, "छान हाय."

माझं टाळकंच सटकलं. "आबा, काय छान हाय छान हाय लावलंय! अख्ख्या लातूरला मी घरं दिली, अन् तुमाला देता येईना मला? पावसाळा तोंडावर आलाय. डॉक्टर काय म्हणाला ते ध्यानात हाय का? तुमाला शेडातच मरायचं असंल तर तसं सांगा एकदा!"

बोलून गेले आणि जीभ चावली. पलीकडं खोकल्याची उबळ आली.  मग ते अगदी शांतपणे म्हणाले, "माय, एक इचारू का? राग नको धरू. तू इतकी मकानं दाखवली. ह्यातल्या एकाला तरी छत हाय का न्हाई?"

"म्हणजे?"

"सगळं दावतीस. मोरी दावतीस, खार दावतीस. वरचं कामून न्हाई दावत?"

मी फोन ठेवला आणि आपले जुने व्हिडिओ काढून बघत बसले. एका मागून एक. शेकडो घरं असतील. एकातही छत नाही. पंखासुद्धा नाही. भिंत जिथं संपत येते तिथं माझा हात आपोआप खाली वळलेला. मी आजवर समजत होते की गिऱ्हाइकाला जपते. कसलं काय! मलाच वर बघवत नव्हतं. स्वतःच्या फ्लॅटमध्येही माझं अंथरूण वर्षानुवर्षं दाराला चिकटून. यजमान थट्टा करतात, "आमच्याकडं बायको नाही, राखणदार आहे." मी हसण्यावारी नेत होते.

इथं आईबद्दल सांगायला पाहिजे. भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला मावशीकडं शिकायला होते. आई गावात घरात झोपली होती. आबा उकाड्यानं अंगणात खाट टाकून झोपले होते, म्हणून वाचले. ते घर आबांनी स्वतः बांधलेलं. दगडाच्या जाड भिंती, वर लाकूड आणि पांढरी माती. पंचक्रोशीत सगळी घरं तशीच, आणि त्यातली कितीतरी आबांच्या हातची. ती सगळी एका पहाटे खाली आली. आबांनी नंतर हातात गवंड्याची करणी धरली नाही. मावशीनं मला सांगितलं की त्यांनी आपल्या हातांनी दगड उपसले, आई सापडेपर्यंत कुणाला पुढं येऊ दिलं नाही. त्यांनी स्वतः मला कधी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आम्ही दोघं बापलेक पाण्यापावसाचं बोलत आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या खोलीवर पुन्हा गेले. चावी माझ्याकडंच होती. खोलीच्या मधोमध उभी राहिले, आबांना व्हिडिओ कॉल लावला आणि श्वास घेऊन फोन वर धरला. "हे बघा आबा. हा स्लॅब. हा बीम, ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. हा दुसरा. इथं पंख्याचा हूक. इथं थोडा रंग उडालाय, ओल न्हाई." मी एकही कोपरा सोडला नाही. मग लेझरचा लाल ठिपका वर टाकला, "उंची सांगू का?"

"आकडा नको," आबा म्हणाले. "दिसलं मला. चांगलं दिसतंय."

"मग? येताव ना?"

"तू झोपलीस का तिथं?"

मला कळेना. "मी कशाला झोपू? मी दाखवून राहिले ना तुमाला!"

"मकान तूच देऊन राहिलीस ना माय? मग."

आणि मला एकदम आठवलं. मी लहान असताना कुणाचंही घर बांधून पुरं झालं की वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी आबा घरून वाकळ काखेला मारून निघायचे. नव्या घरात पहिली झोप गवंड्याची, अशी त्यांची रीत होती. मालक तिथंच जेवण आणून द्यायचा. सकाळी आबा बाहेर येऊन मालकाला म्हणायचे, "मी झोपलो. आता तुमी खुशाल ऱ्हावा." लहानपणी मला ती फार मोठी ऐट वाटायची. मी पण वाकळीचं एक टोक धरून त्यांच्यामागं जायची.

"आबा," मी म्हणाले, "मी एजंट हाय, गवंडी न्हाई. मी काय बांधलंय का हे?"

 पडद्यावर त्यांचं तोंड दिसत होतं, मागं कडुनिंब, उन्हानं पांढरं पडलेलं अंगण. मग म्हणाले, "तुज्या आईला लग्न करून आणायच्या आधी मी एकटा झोपलो व्हतो त्या घरात. सकाळी तिच्या बापाला सांगून आलो, म्हणलं, मी झोपलो, आता धाडा तुमची लेक."

मी तिथंच फरशीवर खाली बसले.

"झोपल्यानं घर पक्कं होत न्हाई, एवढं कळतंय मला. कुणापेक्षा जास्ती कळतंय. पर जो देतो त्यानं आधी आपला जीव तिथं ठिवावा. तेवढी तरी छाती पायजे. तुज्या छातीत हाय का तेवढी? असंल तर मी येतो. नसंल तर मला माझ्या शेडात ऱ्हाऊ दे."

अगं माय! साऱ्या लातुरात मला कुणी असं विचारलं नव्हतं. मालकांनी नाही, गिऱ्हाइकांनी नाही. मी तावातावानं म्हणाले, "हाय छाती! तुमच्याच पोटची हाय मी. बघत ऱ्हावा तुमी."

मी यजमानांना फोन करून चटई आणि उशी मागवली. ते ऑफिसातून मध्येच सुटून आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वा! झोपून घर दाखवणारी लातुरातली पहिली एजंट. उद्यापासून ही पण सेवा सुरू का?" मी डोळे वटारले. ते जाताना मात्र दाराच्या बाहेर थोडा वेळ रेंगाळले, ते मला सावलीवरून दिसलं.

आबांना परत व्हिडिओ कॉल लावून चटई दाराजवळ टाकली तर फोनमधून आवाज आला, "तिथं न्हाई. मधी."

मधोमध टाकली. स्टँडवर फोन असा उभा केला की मी पण दिसेन आणि माझ्या वरचा स्लॅब पण. वायर पॉवर बँकेला लावली. आबा म्हणाले, "उशाशी उतरंड लाव."

ही त्यांची भूकंपानंतरची सवय. खाटेशेजारी कळशी, कळशीवर तांब्या, तांब्यावर पेला. जमीन जरा हलली की पेला खाली पडणार आणि जाग येणार. मी त्यांच्या फोनमध्ये भूकंपाची सूचना देणारी सोय चालू करून दिली होती, तर त्यावर ते इतके हसले होते की खोकला लागला. रिकाम्या खोलीत कळशी कुठून आणणार? मी पर्स उपडी केली. खाली अंगठ्याचं यंत्र ठेवलं, त्याच्यावर टेपेची डबी, तिच्यावर लेझर मीटर उभं केलं आणि सगळ्यात वर चाव्यांचा जुडगा तोलून ठेवला. पडतोय पडतोय असं करत राहिला. माझं सगळं दुकान उशाशी रचून मी आडवी झाले.

आणि वर बघितलं. स्लॅब होता. पांढरा, एका ठिकाणी रंगाचा पोपडा आलेला.  आईला शेवटी काय दिसलं असेल, हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःला विचारलं. डोळे गच्च मिटून घेतले. फोनमधून आबांच्या श्वासाची घरघर येत होती. बाहेर कुठंतरी भाजीवाल्याचा भोंगा. मी ठरवलं, थोडा वेळ डोळे मिटून पडायचं, झोपेचं सोंग करायचं आणि उठायचं. म्हाताऱ्याला काय कळतंय.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं होतं. चटईची नक्षी गालावर उमटलेली. क्षणभर मी कुठं आहे तेच कळेना. मग वर स्लॅब दिसला, जिथल्या तिथं. चाव्यांचा जुडगाही जिथल्या तिथं. धडपडत उठून फोनकडं बघितलं तर कॉल सुरूच. पडद्यावर आबा. दोन्ही हातांनी फोन धरलेला, डोळ्यांजवळ आणलेला, पापणी न हलवता बघत होते. उन्हातून सावलीत सरकलेसुद्धा नव्हते. कपाळावर घाम.

"आबा! तुमी अजून? फोन ठिवायचा की!"

"कसा ठिवू? राखण करून राहिलो व्हतो. तुला बघत व्हतो, वरचं बघत व्हतो." मग हात बदलून त्यांनी फोन धरला, मनगट झटकलं. "पडलं न्हाई."

"न्हाई पडलं," मी म्हणाले.

"तू घोरतीस गं."

"मी? कव्हाच न्हाई!"

"घोरतीस. तुज्या आईवानी." त्यांचा आवाज फुटला, आणि मग त्यांनी तोंड फोनपासून बाजूला नेलं. पडद्यावर नुसता कडुनिंब राहिला. मी आवाज ऐकत बसले. माझ्या कळत्या वयात मी आबांना रडताना कधी ऐकलं नव्हतं. मीही रडले, घळाघळा, तोंडावर पदर न घेता. आईसाठी आम्ही दोघं एकत्र रडलो ते त्या दुपारी, पहिल्यांदाच.

बऱ्याच वेळानं त्यांचं तोंड परत पडद्यावर आलं. उपरण्यानं पुसलेलं, लालबुंद.

"उद्या गाडी धाड," म्हणाले. "वाकळ माझी मी आणतो."

"खाट दाराशी टाकते तुमची. अंगण लगेच हाय समोर."

 "नको," म्हणाले. "तू झोपलीस तिथंच टाक."

मी जिन्यात जाऊन मालकीणबाईंना हाक मारली. त्या वरून वाकल्या. "काय ठरलं ताई? देगलूरच्या बाईंना काय सांगू?"

"त्यांना मी पुढच्या गल्लीत बघून देते, आजच व्हिडिओ पाठवते," मी म्हणाले. "छतासकट. ही खोली गेली."

"कोण येतंय मग राहायला?"

"माझे वडील येतायत," मी म्हणाले. "मी झोपून बघितलंय."